मऊ नको, गट्टी!

लग्नाला वीस वर्षे झालेल्या बाईने माहेरी किती वेळा जावे, हा प्रश्न आमच्या घरात गेल्या वर्षी चक्क मोटारसायकलच्या सीटवर येऊन अडला. सौ.चे माहेर बैलहोंगल. बेळगावहून हिरेबागेवाडीपर्यंत हमरस्ता, पुढे आतला रस्ता. जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर. सासरे गेल्यापासून सासूबाई तिथे एकट्या असतात. स्वतःचे घर त्यांना सोडवत नाही. त्यामुळे रविवार बैलहोंगलचा, हे ठरून गेलेले. पण चाळिशी ओलांडल्यावर सौ.च्या कमरेने तक्रार सुरू केली. दर रविवारचे पंधरवड्यावर आले, पंधरवड्याचे महिन्यावर. "अव्वाला फोन केला की झालं," असे ती म्हणू लागली. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ गप्प बसायची.

हितचिंतक म्हणाले, कार घ्या. मुलीच्या इंजिनिअरिंगची फी भरणाऱ्या प्राध्यापकाला हा सल्ला देणाऱ्याने पहिला हप्ताही देऊन टाकावा! बस आहे, पण २०२३ साली कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट झाला, आणि रविवारी बसमध्ये बसायला जागा मिळणे ही भाग्याची गोष्ट झाली. दुखऱ्या कमरेने उभे राहून जाण्यात काय अर्थ? डॉक्टरांनी तपासून सांगितले, हाडाला काही झालेले नाही, दणके टाळा आणि एका अंगावर बसू नका.

हे "एका अंगावर" महत्त्वाचे. आपल्याकडे साडीतली बाई गाडीवर एका बाजूला पाय सोडून बसते. पाय डावीकडे, तोंड पुढे, म्हणजे कंबर तासभर पिळलेली. त्यात शंभर सीसीच्या जुन्या गाडीची सीट. दहा वर्षांत तिचा फोम बसून गेलेला. आपण बसतो तेव्हा सगळा भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो. फोम मऊ असला की ती हाडे त्यात रुतून थेट खालच्या प्लॅस्टिकच्या तळाला टेकतात, आणि प्रत्येक खड्डा मणक्याला कळतो. दुकानात सीट अंगठ्याने दाबून "वा, काय मऊ!" म्हणणे सोपे आहे. तिची परीक्षा हिरेबागेवाडीच्या पुढे होते.

आमच्या पेठेत एक कुशनवाले उस्ताद आहेत. माझ्याशी मराठी, सौ.शी कन्नड आणि पोऱ्याशी दखनी, तिन्ही एका दमात बोलतात. गाडी स्टँडवर लावून त्यांनी आम्हा दोघांना वर बसवले. कोण कुठे बसतो तिथे खडूने खुणा केल्या, माझे पाय जमिनीला टेकतात का पाहिले. सौ. म्हणाली, मागे जरा मऊ करा. तसे त्यांनी हात हलवला, "मेत्तग ब्याडरी अक्कार, गट्टी इरली!" मऊ नको, टणक असू द्या.

मग पेचकसाने तळाच्या स्टेपल पिना उपसून त्यांनी रेक्झिन सोलले. आतला फोम बघून वाईट वाटले. बसायच्या जागी खळगा, आणि शिलाईतून मुरलेल्या पावसाने काळा पडलेला. उस्तादांनी तो खळगा सुरीने कापून काढला, तिथे तुकडे दाबून बनवलेला टणक फोम सोल्यूशनने चिकटवला, आणि वरून अर्ध्या इंचाचा मऊ थर दिला. भार पेलायचे काम खालच्याचे, लाड करायचे काम वरच्याचे. सीटचा पुढचा उतारही काढला. त्या उतारामुळे ब्रेक लागला की मागचा माणूस पुढच्यावर आणि पुढचा टाकीवर घसरतो. मागे दोन्ही बाजूंना इंचभर रुंदी वाढवली. "सर, अजून रुंद केलं तर मांड्या फाकतात, मग कंबर नाही तर मांडी धरतंय," म्हणाले. रेक्झिनखाली प्लॅस्टिकचा कागद घातला, बसायच्या जागेवर शिलाई येऊ दिली नाही, आणि गुळगुळीत रेक्झिन मी मागूनही दिले नाही.

धरायचा पट्टा आणि मागची मूठ मात्र जशीच्या तशी ठेवायला सांगितली. मागच्याला धरायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि चाकात साडी जाऊ नये म्हणून जाळी, हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे. पण सीट नव्याने करताना पट्टा हमखास गायब होतो. चालवणारा स्वतःची सोय पाहतो. मागे बसणारीला कोण विचारतो? चौदाशे रुपये झाले.

नुसत्या सीटने सगळे साधले असे मात्र नाही. मागचे शॉकॲब्सॉर्बर दोघांच्या वजनाला एक खाच वर घेतले. टायरची हवा, दोघे बसणार असू तर जेवढी सांगितलेली असते तेवढी भरून घेतो. वाटेत चहाला थांबून पाच मिनिटे चालतो. रक्त फिरायला त्याला पर्याय नाही. आमच्याकडचे दूधवाले सीटवर घडीची घोंगडी बांधतात, तीही उन्हाळ्यात काळे रेक्झिन तापते तेव्हा फार कामाची. जुन्या बुलेटच्या सीटखाली स्प्रिंगा असत, त्यांची आठवण काढणारे माझ्या वयाचे पुष्कळ आहेत. त्यावर मागे बसलेल्या बायकांनाही एकदा विचारावे.

सर्वांत मोठा बदल सौ.ने स्वतः केला. पंजाबी ड्रेस घालून ती दोन्हीकडे पाय टाकून बसू लागली. पहिल्या रविवारी बैलहोंगलच्या गल्लीत शिरताना तिने ओढणी तीनदा सारखी केली. अव्वा काय म्हणेल, ही धास्ती. सासूबाई दारातच होत्या. त्यांनी मुलीला खालपासून वरपर्यंत पाहिले आणि म्हणाल्या, "छलो आतु बिडव्वा, बरली इन्न." बरं झालं, आता येत जा.

मग त्या कापसाच्या गावच्या बाईने गादी दाबून पाहावी तशी सीट तळहाताने दाबून पाहिली. कमरेचे कसे, वाटेत किती थांबलात, सगळे विचारून घेतले. दुपारी चार वाजता मी हेल्मेट हातात घेतले, तर त्या मला मराठीत म्हणाल्या, "एवढी चांगली सीट केलायसा, मग घाई कशाला करूलायसा? जेवूनच जावा."