नकाशा, आराखडा आणि आमचा ओटा

आमचें सारें आयुष्य मुलांना शिकविण्यांत गेलें. मॅट्रिकपर्यंतचें शिक्षण, त्यापुढें शास्त्रीबोवांच्या पायांशीं बसून केलेलें थोडेंसें व्याकरण व काव्य, एवढ्या शिदोरीवर आम्हीं शाळेंत छत्तीस वर्षें काढलीं. यंत्रतंत्राशीं आमचा संबंध तो काय? घरांत संगणक आहे, पण तो मुलांचा. रेल्वेचें तिकीट काढण्यापलीकडे आमची त्यावर मजल गेलेली नाहीं. असें असतां आराखडा व नकाशा यांचा संगणकावर मेळ कसा घालतात, या विषयावर आम्ही आज लिहावयास बसलों आहों, याचें वाचकांस नवल वाटेल. परंतु याच विषयानें दोन वर्षांपूर्वीं आमच्या घरांत जो उत्पात माजविला व शेवटीं आम्हांस जो धडा दिला, तो एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्या चार माणसांच्या कानीं घालावा असें आमच्या मनानें घेतलें आहे.

आमचें घर कृष्णाकांठच्या एका लहानशा गांवीं आहे. गल्लीच्या उत्तरेस आमचें घर व दक्षिणेस आमचे चुलत बंधू नाना यांचा वाडा. वडिलांच्या पिढींत वांटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या. तथापि देवघर एक राहिलें, तें नानांकडे. नवरात्रांत अष्टमीचें पान आजवर आम्हीं तेथेंच वाढून घेतलें. नाना आमच्याहून सात वर्षांनीं वडील. ते बोलतात थोडें आणि विसरतात त्याहून थोडें.

खेड्यांतील प्रत्येक घरीं नळाचें पाणी जावें म्हणून १५ ऑगस्ट २०१९ रोजीं केंद्र सरकारनें जलजीवन मिशन जाहीर केलें, हें वाचकांस ठाऊकच आहे. त्याप्रमाणें आमच्याहि गांवची योजना तयार झाली. एका सल्लागार कचेरीनें केलेला नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लागला. खालीं आकाशांतून घेतलेलें गांवाचें चित्र व त्यावर निळ्या रेघेनें दाखविलेली जलवाहिनी. आम्ही चष्मा पुसून पाहतों तों ती निळी रेघ गल्ली सोडून आमच्या परसांत शिरलेली, आणि थेट आडावरून गेलेली! आमच्या आजोबांनीं खणलेला, बहात्तरच्या दुष्काळांतहि न आटलेला तो आड. नानांचा वाडा मात्र शाबूत. नाना पाणीपुरवठा समितीवर होते. एवढें आमच्या संशयास पुरलें.

दुसऱ्या दिवशीं चावडीपाशीं चारचौघांत आम्ही बोलूं नये तें बोलून गेलों. "नाना, भाऊबंदकीचें पाणी आतां आम्हांस नळावाटे पाजावयाचें आहे वाटतें?" नानांनीं आमच्याकडे एकवार पाहिलें, काठी उचलली, आणि ते घरीं गेले. त्या वर्षीं अष्टमीस आम्ही त्यांच्याकडे जेवावयास गेलों नाहीं. घरांतील मंडळींनीं डोळ्यांस पदर लावला, पण आमच्या हट्टापुढें कोणाचें चालतें?

दिवाळीस आमचा पुतण्या पुण्याहून आला. तो रस्त्यांचे व जलवाहिन्यांचे आराखडे करण्याच्या कामांत आहे. आम्हीं लिहून ठेवलेला तक्रारअर्ज त्याच्या हातीं दिला. त्यानें तो शांतपणें वाचला व विचारलें, "काका, हा पाठविला नाहींत ना? मग चार दिवस थांबा. मला मूळ फायली पाहूं द्या." त्यानें पंचायतीमार्फत त्या मागविल्या, आणि ओसरीवर बसून आम्हांस जें समजावून सांगितलें, तें आम्ही आमच्या भाषेंत येथें मांडतों.

संगणकावर रेघा ओढण्याच्या दोन कुळी आहेत. पहिली अभियंत्यांची, तिला कॅड म्हणतात. १९६३ सालीं अमेरिकेंत एमआयटी या संस्थेंत आयव्हन सदरलंड यांनीं 'स्केचपॅड' नांवाची रचना केली, ती या कुळाची मूळपुरुष म्हणावयास हरकत नाहीं. दुसरी कुळी भूगोलज्ञांची. तिला जीआयएस म्हणतात. त्याच दशकांत कॅनडांत रॉजर टॉमलिन्सन यांनीं देशांतील जमिनीची मोजदाद संगणकावर आणण्याचें काम हातीं घेतलें, तेथें तिचा उगम. पुढें १९८२ या एकाच सालीं ऑटोकॅड आणि आर्क-इन्फो हीं दोघांचीं नामांकित साधनें बाजारांत आलीं, आणि दोन्ही घराणीं आपापल्या वाटेनें वाढलीं.

दोघांचा स्वभाव निराळा. कॅडची रेघ मिलिमीटरापर्यंत काटेकोर असते. परंतु ती रेघ नळ आहे कीं भिंत, हें तिला स्वतःला ठाऊक नसतें. तें रेघेच्या रंगावरून किंवा ती ज्या थरांत काढली असेल त्याच्या नांवावरून माणसानें ओळखावयाचें. जीआयएसमधील रेघेच्या पाठीशीं मात्र एक नोंदवही असते: नळ कोणत्या धातूचा, किती व्यासाचा, कोणत्या सालीं घातलेला. न्यायशास्त्रांतील परिभाषेंत सांगावयाचें तर एकीं द्रव्याची आकृति नेमकी, तर दुसरींत गुणांची गणना पुरी. शिवाय कॅडचा आराखडा बहुधा आपल्या अंगणापासून मोजलेला असतो. मोजणीदार एका दगडावर खूण करतो, तिला हजार-हजार असे अंक देतो, आणि सारें गांव त्या दगडापासून मोजतो. जीआयएस मात्र प्रत्येक बिंदूस पृथ्वीच्या पाठीवर त्याचें स्वतःचें स्थान देतें.

आतां रस्ता, पूल किंवा जलवाहिनी करावयाची तर दोघांचीहि गरज. नळ किती खोल व कोणत्या उतारानें जावा हें आराखडा सांगणार; तो कोणाच्या जमिनींतून, कोणत्या ओढ्यावरून व कोणत्या जुन्या तारांशेजारून जाणार हें नकाशा सांगणार. म्हणूनच २०१७ सालीं या दोन घराण्यांतील ऑटोडेस्क व एसरी या अग्रगण्य कंपन्यांनीं सहकार्याचा करार केला. परंतु करार झाला म्हणून स्वयंपाक एका चुलीवर होतोच असें नाहीं, हें एकत्र कुटुंबांतील गृहिणींस सांगावयास नको.

अडचणी बारीकसारीक वाटतात, पण घात त्याच करतात. एका फायलींत माप मिलिमीटरांत व दुसऱ्या फायलींत मीटरांत असलें, तर गांव हजारपट फुगतें. कॅडमधील कमान जीआयएसमध्यें जातांना पुष्कळदां लहान लहान सरळ तुकड्यांची होते. शेताची हद्द डोळ्यांस बंद दिसते, पण शेवटचीं दोन टोकें केसभर सुटलेलीं असलीं कीं संगणक तिला शेत मानीतच नाहीं. त्यांतून पृथ्वी गोल आणि कागद सपाट. १८०२ सालीं लॅम्बटन यांनीं मद्रासेस सुमारे साडेसात मैलांची पायारेषा साखळीनें मोजून ज्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला, त्या परंपरेंतील जुने नकाशे एव्हरेस्ट यांच्या नांवाच्या पृथ्वीगोलावर बेतलेले; २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतरचे जनतेसाठीं असलेले नकाशे डब्ल्यूजीएस-८४ या गोलावर. हा बदल न करतां एकावर दुसरा ठेवला, तर तेंच देऊळ दोन ठिकाणीं उभें राहतें.

इतकेंच नव्हे. यूटीएम या प्रचलित पद्धतींत महाराष्ट्राचा बराचसा भाग ७५ अंश रेखावृत्त मध्य धरून कागदावर उतरवितात, आणि त्या मध्यरेषेवर प्रत्येक अंतर ०.९९९६ पटीनें आंखडतें. म्हणजे जमिनीवरील एक किलोमीटर नकाशांत ४० सेंटिमीटरांनीं लहान, आणि त्या रेषेवरील दहा किलोमीटरांचा रस्ता चार मीटरांनीं तोकडा! दोन्ही बाजूंस सुमारे १८० किलोमीटरांवर गेल्यावर हा फरक नाहींसा होतो, व पुढें उलट वाढूं लागतो. खरें बोलणाऱ्या दोन माणसांचें बोलणें जुळत नाहीं, तें कधीं कधीं अशा कारणानें.

"पण आपल्या आडाचें काय?" आम्हीं अधीरपणें विचारलें. पुतण्या हंसला. "काका, त्यासाठीं तुमचें त्रैराशिक पुरे आहे."

झालें होतें तें असें. मोजणीदारानें शाळेच्या पायरीवर पहिली खूण केली, व तेथून पश्चिमेस १२० मीटरांवर असलेल्या देवळाच्या जुन्या दगडी जोत्याचा कोपरा दुसरी खूण म्हणून धरला. त्याचें काम चोख होतें. पुढें कचेरींत बसलेल्या कोणी एकानें हा आराखडा आकाशचित्रावर बसविला, तो याच दोन खुणांच्या आधारें. पण आकाशांतून जोतें दिसत नाहीं, छप्पर दिसतें; आणि आमच्या देवळाच्या मंडपावर मागें जो पत्रा घातला, तो जोत्याच्या उत्तरेस नऊ मीटर पुढें गेला आहे. त्यानें पत्र्याच्या कोपऱ्यास जोत्याचा कोपरा मानलें. दोन खुणांमधील अंतर १२० मीटरांऐवजीं सुमारें ३४ सेंटिमीटरांनीं वाढलें, एवढेंच. म्हणून कोणास शंका आली नाहीं. परंतु सारा आराखडा शाळेच्या पायरीभोंवतीं उत्तरेकडे वळला. १२० मीटरांवर नऊ मीटर, तर आमचें घर शाळेपासून २०० मीटरांवर, तेथें किती? पंधरा मीटर! गल्लींतून जाणारी रेघ परसांतल्या आडावर गेली, ती नानांच्या हातानें नव्हे, तर देवळाच्या पत्र्यानें. भास्कराचार्यांची लीलावती मुलांस शिकवितांना आम्हीं जें गणित शेंकडों वेळां फळ्यावर मांडलें, तें आमच्या दारांत उभें असतां आम्हांस दिसलें नाहीं. आम्हांस दिसली ती भाऊबंदकी.

पुतण्यानें आमच्यासमोर चूक सुधारली. उपग्रहांवरून स्थान सांगणारें यंत्र त्यानें आणविलें. भारतीय सर्वेक्षण विभागानें देशभर उभारलेल्या स्थायी केंद्रांशीं तें जोडलें, कीं थोड्याच सेंटिमीटरांच्या फरकानें जागा कळते. शाळेची पायरी, देवळाचें जोतें, पाराचा कोपरा, पुलाचा कठडा व पाण्याची टाकी अशा पांच खुणा त्यानें मोजल्या. "दोन साक्षीदार खोटें बोलले तरी जुळून जातें," तो म्हणाला, "तिसरा आणला कीं लबाडी उघडी पडते." पांचहि खुणांचा मेळ घातल्यावर उरलेली तफावत तीन सेंटिमीटरांहून अधिक नव्हती. निळी रेघ आपली आपण गल्लींत येऊन बसली. आम्हीं सुटकेचा श्वास टाकला.

पण तो श्वास अर्ध्यावरच राहिला. गांवठाणांतील घरांच्या हद्दी ड्रोननें मोजून मालकीच्या पत्रिका देण्याची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजीं सुरू झाली. तिच्यांतील आमच्या गांवचा नकाशा पुतण्यानें तिसरा थर म्हणून वर ठेवला. गल्लीची हद्द दिसूं लागली. नळाचा चर आमच्या ओट्यास घांसून नव्हे, ओट्यांतून जात होता. आमचा ओटा गल्लींत ८० सेंटिमीटर पुढें आलेला होता!

तो ओटा आम्हींच बांधलेला. थोरल्या मुलीच्या लग्नांत, मंडपास जागा पुरेना म्हणून. त्या वेळीं गवंड्यास दोरी धरून देणारे कोण होते, तर नाना. आम्ही कामाच्या गर्दींत असतां त्यांनीं एकदां विचारलें होतें, "दोरी थोडी पुढें नाहीं ना गेली?" आम्हीं "असूं द्या हो" म्हणून वेळ मारून नेली होती. त्यानंतर सत्तावीस वर्षें नानांची बैलगाडी व पुढें ट्रॅक्टर त्या वळणावर अडखळत गेला. पण नानांच्या तोंडून एक अक्षर निघालें नाहीं.

त्या संध्याकाळीं आम्ही नानांकडे गेलों. काय बोलावें याची मनांत जुळवाजुळव केली होती; छत्तीस वर्षें मुलांना निबंध शिकविलेला माणूस, पण उंबऱ्याशीं एकहि वाक्य हातीं लागेना. आम्ही वांकून त्यांच्या पायांवर डोकें ठेवलें. नाना म्हणाले, "अरे बापू, आतां उठ. अष्टमीचा नारळ तुझ्या वांट्याचा तसाच ठेवलाय, घेऊन जा." आम्हीं ओट्याचा विषय काढला, तर त्यांनीं हातानेंच वारला. "ठाऊक होतें रे. लेकीच्या लग्नाचा ओटा. काय मोजावयाचें त्यांत?"

ओटा आम्हीं स्वतः उभें राहून पाडविला. त्या जागीं आतां नळ गेला आहे आणि पाणी येतें. चारचौघांत केलेल्या आरोपाची भरपाई घरांत होत नाहीं, म्हणून पंचायतीच्या सभेंत आम्हीं आमची चूक नांव घेऊन सांगितली. तक्रारअर्ज मात्र आम्हीं फाडला नाहीं. तो पंचांगांत घालून ठेवला आहे. तिथी पाहतांना तो दिसतो व दिसलेला बरा.

वाचकांपैकीं कोणाच्या गांवीं उद्यां रस्त्याचा, कालव्याचा वा नळाचा नकाशा लागेल. तेव्हां शेजाऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे, अशी आमची विनंती आहे. हा आराखडा कोणत्या खुणेपासून मोजला? तो नकाशावर कोणत्या पद्धतीनें व किती खुणांवर बसविला? आणि बसविल्यावर तफावत किती उरली? सांगणारा माणूस जाणता असेल तर त्यास या प्रश्नांचा राग येणार नाहीं.

प्रत्येक माणूस आपल्या अंगणांतल्या दगडास हजार-हजार मानून जग मोजीत असतो, आणि तेवढ्यापुरतें त्याचें माप खरेंहि असतें. आमचेंहि होतें. दुसऱ्याच्या मापाशीं तें ताडून पाहण्यास मात्र आम्हांस पासष्टावें वर्ष लागलें.