रिस्पेक्टिव्हली म्हणजे आदराने?

आमच्या शाळेत सेमी इंग्रजी आहे. गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी सगळं मराठीत. मागच्या वर्षी सातवीतल्या एका मुलाने चाचणीत वयांचं गणित कोरं सोडलं. एरवी त्याची आकडेमोड झरझर चालते. मी वर्गातच बोललो, "एवढं सोपं सोडलंस? लक्ष कुठे असतं तुझं?" तो गप्प.

मधल्या सुट्टीत जवळ आला. "सर, रिस्पेक्टिव्हली म्हणजे आदराने ना? मग कुणाचं वय किती, ते कसं कळणार?"

"अरे, अनुक्रमे!" एवढंच म्हणालो. त्याने उभ्या उभ्या गणित सोडवलं.

चूक माझी होती. रेडिअस, डेन्सिटी आपण फळ्यावर लिहून समजावतो. अझ्यूम, हेन्स, रिस्पेक्टिव्हली मात्र शिकवायचे शब्द वाटतच नाहीत. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली अशा अभ्यासाच्या इंग्रजी शब्दांची 570 कुटुंबांची यादी केली, त्यात अझ्यूम पहिल्याच गटात आहे.

बरं, नुसता अर्थ सांगूनही भागलं नाही. मुलांनी वाक्यं केली, पण शब्द मराठीच्या जागी बसवला. आपण म्हणतो, 'रवी आणि मीना यांची वयं अनुक्रमे 12 आणि 15 आहेत.' इंग्रजीत रिस्पेक्टिव्हली बहुतेक वेळा आकड्यांच्या नंतर, वाक्याच्या शेवटी येतो. म्हणून आता वहीत तीन रकाने आहेत: शब्द, मराठी अर्थ आणि स्वतःचं वाक्य.

चाचणीचे गुण तेव्हा भरून झाले होते. वर्गासमोर बोललो होतो, ते मात्र वर्गासमोरच मागे घेतलं.