परसातील खातेवही

म्हसवडच्या पेठेतील एका जुन्या भुसार दुकानाच्या मालकांनी २०१६ च्या गुढीपाडव्यास, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, गादी मुलाच्या स्वाधीन केली आणि वाड्यामागील दोन गुंठे परसात भाजीपाला पिकविण्याचे ठरविले. चाळीस वर्षे ज्वारी-बाजरीचे भाव तोंडपाठ असणाऱ्या या गृहस्थांनी स्वतःच्या हाताने एक दाणाही कधी पेरलेला नव्हता. व्यापाऱ्याच्या सवयीप्रमाणे त्यांनी पहिल्याच दिवशी नवी वही घातली. डाव्या बाजूस जमा, उजव्या बाजूस नावे. दुकान जमले, तसे परसही जमेल, असा त्यांचा हिशेब होता.

हा हिशेब कोणत्या मुलखात मांडला होता, तेही पाहिले पाहिजे. सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वर आहे. तेथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला माण आहे. येथे साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पडला तरी वर्ष बरे गेले म्हणतात. सह्याद्रीने अडविलेल्या ढगांतून उरलेसुरले तेवढे इकडे येते आणि त्यातलाही मोठा वाटा परतीच्या पावसाचा असतो. जमीन उथळ, मुरमाड, जागोजागी चुनखडीची. शेजारच्या आटपाडी, जत, सांगोला या भागांची कथाही फारशी वेगळी नाही.

पहिल्या वर्षी या गृहस्थांनी सारे काही मनापासून आणि चुकीचे केले. मजूर लावून परस दोन फूट खोल खणून घेतले. तरवड आणि घाणेरी उपटली, कडुनिंबाचा साठलेला पाला जाळला आणि जमीन अंगणासारखी स्वच्छ केली. रोपवाटिकेतून टोमॅटो, मिरची, वांगी आणि लिंबाची दोन कलमे आणली. बोअरचे पाणी सकाळ-संध्याकाळ पाटाने सोडले. एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात उघड्या मातीवर पांढरी खपली धरली. लिंबाची पाने पिवळी पडू लागली, तसे त्यांनी पाणी वाढविले. तरीही पिवळी पडली, तेव्हा युरिया दिला. पाने अधिकच पिवळी झाली.

आटपाडीकडील एक शेतकरी दुकानी आले होते. तेल्या रोगाने डाळिंबाची बाग गेल्यापासून ते फार मोजके बोलत. परस पाहून ते म्हणाले, "शेठ, झाड तहानलेलं नाही, बुडालेलं आहे. चुनखडीच्या रानात पाणी तुंबलं की मुळांना लोह घेता येत नाही. पाणी तोडा." पाणी तोडल्यावर दोनांपैकी एक कलम वाचले. वर्षअखेरीस वहीत जमेस अकराशे रुपयांची भाजी होती आणि नावे साडेचौदा हजारांचा खर्च. असा धंदा दुकानात केला असता, तर वडिलांनी गादीवर बसू दिले नसते, असे ते स्वतःच हसून सांगत.

परंतु खरी चूक याहून मोठी होती आणि तिची नोंद रुपयांत होण्यासारखी नव्हती.

खत विकत घेण्यापेक्षा घरीच करावे, म्हणून त्यांनी २०१७ च्या फेब्रुवारीत गांडूळखताचा संच आणला. त्यातील गांडुळे आयसेनिया फेटिडा या परदेशी जातीची होती. ती शेणकाला खाऊन लवकर खत देतात आणि म्हणून सर्वत्र विकली जातात. पत्र्याच्या शेडखाली प्लॅस्टिकच्या टाकीत ती सोडली. दीड महिना सर्व ठीक चालले. एप्रिलमध्ये एका नातलगाच्या लग्नासाठी घरातील मंडळी चार दिवस फलटणला गेली. ओलावा राखण्याचे काम ज्या मुलाला सांगितले होते, तो आजारी पडला. पारा चाळिशीच्या पुढे गेला होता. परत आल्यावर टाकी उघडली, तेव्हा आत दुर्गंधीखेरीज काहीही शिल्लक नव्हते.

घरात त्यांच्या मातोश्री होत्या, वय ८४. ज्या घरात पाणी गाळल्याशिवाय तोंडाला लावत नाहीत आणि दिवा लावण्यापूर्वी जेवणे उरकतात, त्या घरात हजारो जीव पत्र्याखाली शिजून गेले होते. मातोश्री रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपवास धरला आणि कारण सांगितले नाही. चिरंजीवांना ते न सांगताच कळले. त्यांनीही ताट बाजूला सारले. संध्याकाळी त्या एवढेच म्हणाल्या, "आपण पाणी गाळतो. गाळण्यात जे जीव राहतात, ते परत त्याच आडात सोडतो, दुसरीकडे नाही. ज्याचं घर जिथं, त्याला तिथं पोचवायचं. तू परमुलखातले जीव विकत आणलेस आणि पत्र्याखाली कोंडलेस. तुला खत पाहिजे होतं, पण त्यांना काय पाहिजे होतं, हे विचारलं होतंस का?"

या प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. दोन महिने परसाचे दार बंद राहिले. वही मिटलेली होती. बागकामाचा नाद सोडून द्यावा, असे त्यांनी जवळजवळ नक्की केले होते.

त्या सुमारास त्यांच्या हाती श्री. अ. दाभोळकर यांचे 'विपुलाच सृष्टी' हे पुस्तक आले. कोल्हापूरचे दाभोळकर गणिताचे अध्यापक होते. शेतीची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. तरीही त्यांनी 'प्रयोग परिवार' नावाची चळवळ उभी केली. तिच्यात सामान्य शेतकरी आपापल्या रानात प्रयोग करीत, त्यांची टिपणे ठेवीत आणि यशाइतक्याच मोकळेपणाने फसलेले प्रयोग एकमेकांना सांगत. तासगाव परिसरातील द्राक्षबागायतदारांनी जी प्रगती केली, तिच्यामागे या देवाणघेवाणीचा मोठा वाटा होता. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे जमीन नीट वापरल्यास समाधानाने जगता येईल, असे दाभोळकर आग्रहाने मांडीत. पाला, ऊन आणि पाणी यांचा गणिती हिशेब हा त्यांच्या विचाराचा कणा होता. २००१ साली ते निवर्तले.

सुदूर ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांनी १९७८ साली 'पर्माकल्चर' या नावाने जो विचार पुस्तकरूपाने मांडला, त्याची जातकुळीही बरीचशी हीच आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: आधी जागेचे निरीक्षण करावे, पाणी पडेल तेथेच अडवावे, माती उघडी ठेवू नये, एकाचा टाकाऊ पदार्थ दुसऱ्याचे अन्न व्हावा, आणि रोज लागणारी भाजी स्वयंपाकघराच्या दाराशी असावी. जुन्या वाड्यांत न्हाणीच्या सांडपाण्यावर केळ लावण्याची जी रीत होती, तीही याच शहाणपणातून आलेली होती.

पुस्तक मिटल्यावर या गृहस्थांच्या ध्यानात आले, की आपण परसात जे जे आणले, ते सर्व बाहेरून आणले आणि जे जे मुळात होते, ते फेकले किंवा जाळले. मातोश्रींच्या बोलण्याचा अर्थही त्यांना आता निराळा लागला. जीव आणायचे नसतात. त्यांना राहता येईल अशी जागा करायची असते.

२०१७ च्या मृगापूर्वी त्यांनी परसाचे दार पुन्हा उघडले, पण कुदळ आत नेली नाही. दुकानात रोज निघणारा कचरा त्यांनी प्रथमच नीट पाहिला. भुईमुगाची टरफले, धान्याचे भुसकट, कीड लागलेल्या कडब्याच्या पेंढ्या, फाटकी बारदाने. हे सर्व आजवर नगरपालिकेच्या गाडीत जात असे. आता ते परसात जमिनीवर वीतभर जाडीने पसरले जाऊ लागले. गृहिणी भाज्यांच्या साली आणि देठे त्याखाली सरकवू लागल्या.

पाण्याचा हिशेबही वहीत मांडला गेला. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. वाड्याचे छप्पर हजार चौरस फूट, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. साडेचारशे मिलिमीटर पावसात त्यावर जवळजवळ ४२ हजार लिटर पाणी पडते. गळती आणि उडून जाणारे वजा केले, तरी दहा हजार लिटरचे तीन टँकर भरतील एवढे पाणी दरवर्षी गटारात जात होते. पन्हळी बसवून, पहिल्या सरीचे पाणी सोडून देऊन, उरलेले खडी-वाळूच्या खड्ड्यातून परसातील जुन्या आडाकडे वळविण्यात आले.

चुका मात्र संपल्या नाहीत. आच्छादन थेट खोडाला टेकविले, त्यामुळे शेवग्याच्या एका रोपाला वाळवी लागली. औषध न मारता काय करावे, हा प्रश्न होता. आच्छादन खोडापासून हातभर दूर सारल्यावर पुढील रोपे वाचली. टरफलांत राहिलेल्या शेंगांसाठी उंदीर आले. मग टरफले चाळून टाकण्याची पद्धत पडली. चातुर्मासात घरात पालेभाजी शिजत नाही, हे विसरून आषाढात मेथी-पालक पेरला. तो सर्व शेजारी वाटावा लागला. पुढच्या वर्षापासून पावसाळ्यासाठी दोडका, घोसाळे, दुधी आणि कारल्याचे वेल, आणि दिवाळीनंतर पालेभाजी असा घराच्या नियमांना जुळणारा क्रम ठरला. कंदमुळे लावायची नसल्याने जमीन उकरण्याचे कारणही राहिले नाही, आणि हे बंधन मातीच्या पथ्यावर पडले.

मग २०१८ साल आले. उन्हाळ्यात पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत माण तालुक्यातील टाकेवाडी गावाने ४५ दिवस घाम गाळून राज्यात पहिला क्रमांक मिळविला. साऱ्या तालुक्याला अभिमान वाटला. त्याच वर्षी पावसाने पाठ फिरविली. चर आणि बांध तयार होते; त्यांत साठायला पाणी नव्हते. २०१९ च्या जानेवारीत म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची चारा छावणी उभी राहिली. गावोगावचे शेतकरी गुरे-वासरांसह तेथे राहू लागले. पेठेत टँकरची वाट पाहणाऱ्या घागरींच्या रांगा लागल्या.

टँकर विकत घेण्याची या घराची ऐपत होती. चिरंजीवांनी सुचविले, "बाबा, महिन्याला एक टँकर परसासाठी घेऊ. तीन वर्षांची मेहनत जाईल." व्यवहार म्हणून यात काही वावगे नव्हते. परंतु गृहस्थांना बाहेरची रांग दिसत होती. ते म्हणाले, "पैसा आपला आहे, पण पाणी आपलं नाही. छपरावर पडलं तेवढं आपल्याकडे ठेव म्हणून आलं. त्यापुढचं घ्यायचं नाही."

परसाला केवळ न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी मिळाले. त्यासाठी साबण टाळून राख आणि शिकेकाई वापरात आली. झाडांच्या मुळाशी मातीचे मडके पुरून त्यातून पाणी पाझरू दिले. वेल आणि मिरच्या मार्चपर्यंत वाळून गेल्या. ती वाळताना पाहणे कठीण होते, पण टँकर आला नाही. जून उजाडला, तेव्हा शेवगा, सीताफळ, कढीपत्ता आणि ते एकटे लिंबू जिवंत होते. आच्छादनाखाली हात घातला, तर मातीला गारवा होता. पहिल्या वर्षीच्या त्या स्वच्छ, उघड्या जमिनीत यांतले काहीही टिकले नसते.

२०१९ चा परतीचा पाऊस भरभरून झाला. एका सकाळी मातोश्री काठी टेकीत परसात आल्या. चिरंजीवांनी शेवग्याखालील ओले भुसकट अलगद बाजूला केले. काळसर मातीत देशी गांडुळे वळवळत होती. ती कुणी आणली नव्हती. मातोश्री थोडा वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "झाक आता. ऊन लागेल त्यांना." त्या दिवशी दुपारी त्यांनी परसातील दोडक्याची भाजी मागून घेतली. २०१७ च्या एप्रिलपासून त्यांनी परसातील काहीही खाल्ले नव्हते, हे घरातील मंडळींच्या तेव्हा ध्यानात आले.

वहीतील रुपयांचा हिशेब आजही तोट्याचाच आहे आणि तो लपविलेला नाही. वहीच्या शेवटच्या पानांवर चुकांची यादी आहे; प्रत्येक चुकीपुढे तारीख, कारण आणि पुढे काय केले याची नोंद. एप्रिल २०१७ च्या नोंदीपुढील रकाना मात्र कोरा ठेवलेला आहे. पेठेतील ज्या भगिनी बाग करू इच्छितात, त्यांना हे गृहस्थ बियाणे देण्याआधी ही पाने वाचावयास देतात आणि दोनच गोष्टी सांगतात: पहिले वर्षभर काही विकत आणू नका, आणि आपल्या छपरावर पाऊस किती पडतो ते मोजा. सात घरांत ती पाने उतरवून नेली आहेत, आणि दोन घरांनी त्यांत स्वतःच्या चुकांची भर घालून वही परत केली आहे.