काकांच्या ट्रान्सफॉर्मरवर दुसरा व्हॉल्व्ह

हिंगणघाटला काकांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आता शटर खाली आहे, पण माझा गिटारचा अ‍ॅम्प तिथंच तयार झाला: पुढे एक १२एएक्स७, मागे एक ६व्ही६, आणि दोन्ही ट्रान्सफॉर्मर काकांनी हाताने गुंडाळलेले. त्यांचे हात आता थरथरतात. आऊटपुट ट्रान्सफॉर्मर जळला तर बाजारातून दुसरा आणता येईल, पण तो काकांचा नसेल.

यंदा ६व्ही६ थकला. आवाज दबला. मित्रांचा सल्ला एकच, ६एल६ लाव, पिना त्याच, आवाज मोठा. पिना त्याच आहेत हे खरं. पण २५० व्होल्टला ६व्ही६च्या प्लेटमधून ४५ मिलिअँप जातात, ६एल६च्या ७२. एकाच आऊटपुट व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये हा सगळा डीसी आऊटपुट ट्रान्सफॉर्मरच्या तारेतून वाहतो. तार तापते, गाभा भरून जातो. शिवाय ६एल६ला साधारण २५०० ओहमचा लोड हवा, काकांनी गुंडाळलाय ५००० चा. ऑफिसात कोड बिघडला तर आम्ही जुनी आवृत्ती परत टाकतो. जळालेल्या तारेला तशी सोय नाही.

काकांच्या डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले तीन ईएल८४ निघाले, बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे. डेटाशीट उघडली आणि हसूच आलं: २५० व्होल्ट, ४८ मिलिअँप, ५२०० ओहम. जणू याच ट्रान्सफॉर्मरसाठी. पॉवर ५.७ वॉट, ६व्ही६ची ४.५. हीटरला ०.४५ ऐवजी ०.७६ अँप लागतात. काकांच्या वहीत ते वायंडिंग दीड अँपचं लिहिलंय, १२एएक्स७चे ०.३ धरूनही पुरतं.

अडचण सॉकेटची. ६व्ही६चा आठ पिनांचा, ईएल८४चा नऊ बारीक पिनांचा. काका खाटेवरूनच म्हणाले, "भोक पाडू नको रे चासीले."

मग मेलेला ६व्ही६ फडक्यात धरून काच फोडली, खालचा बेस साफ केला आणि त्यावर नऊ पिनांचा सॉकेट बसवला. काकांनी कॅथोडला २७० ओहमचा रेझिस्टर लावलेला. ईएल८४ला १३५ हवा. हीटरची सात नंबरची पिन त्यांनी जुन्या रेडिओसारखी चासीला जोडली आहे, म्हणून बेसच्या आतच आठ आणि सात नंबरच्या पिनांमध्ये आणखी एक २७० टाकला. दोन समांतर, झाले १३५. ईएल८४ उतावळा व्हॉल्व्ह, स्वतःच शिट्टी मारायला लागतो. त्याच्या ग्रिडला अगदी पिनेजवळ एक हजार ओहम दिले. चासीला टाचणीएवढंही भोक नाही.

रात्री लाइन २५० व्होल्टपर्यंत चढते, म्हणून मीटर घेऊन बसलो. प्लेटला २७२. मर्यादा ३००. हीटर ६.८, तेही दहा टक्क्यांच्या आत. तासाभराने ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवला, कोमट. हिंगणघाटच्या मे महिन्यात कोमट म्हणजे थंडच.

ईएल८४ला निम्माच सिग्नल पुरतो, त्यामुळे व्हॉल्यूम चारवरच आवाज चिरायला लागतो. काकांनी दोन मिनिटं ऐकलं. "आवाज फाटते ना रे." फाटतोच, आणि गिटारला तोच हवा असतो. आवाज फाटू न देण्यात उभी हयात घालवलेल्या माणसाला हे कसं सांगायचं! पुढच्या महिन्यात नवा ६व्ही६ येतोय. अडॅप्टर उपसून तो लावीन, खास त्यांच्यासाठी.