थांबू का?

काका शेवटचे हवेवर आले ती मे महिन्यातली संध्याकाळ होती. सात मेगाहर्ट्झवर वळवाच्या विजांचा कडकडाट चालू होता आणि दिवस कलला होता, म्हणजे त्या बँडवर जवळची स्टेशनं बुडायची वेळ. काकांचं क्यूआरटी आलं, मागोमाग मोर्सचं डि-डि-डा, आणि पुढे नुसती खरखर. मी सेव्हंटी थ्री, म्हणजे शुभेच्छा, ठोकलं, रिग बंद केला आणि लॉगबुकात ‘क्यूआरटी’ लिहिलं. अकरा दिवसांनी काका गेले. गेलेल्या हॅमला, म्हणजे हौशी रेडिओवाल्याला, आम्ही ‘सायलेंट की’ म्हणतो. त्या डि-डि-डावर मी अजून अडलेलो आहे.

क्यू कोडची सगळी मेख त्याच्या शेपटीत आहे. नुसतं क्यूआरटी म्हणजे थांबणं. प्रश्नचिन्ह लागलं की ‘थांबू का?’ 1909 च्या सुमाराला ब्रिटिशांनी जहाजं आणि किनाऱ्यावरच्या स्टेशनांसाठी ही अक्षरं बांधली, 1912 च्या लंडन परिषदेने ती जगाला दिली. एकमेकांची भाषा न येणारी माणसं तीन अक्षरांत विचारू आणि सांगू लागली. पण विचारणं आणि सांगणं यांत फरक तो शेवटच्या सहा ठोक्यांचाच: डि-डि-डा-डा-डि-डिट. सिग्नल नेमका तिथेच विरला, तर प्रश्नाचा निरोप होतो. मराठीचंही तसंच आहे. ‘थांबू का’ मधला ‘का’ वाऱ्यावर गेला की उरतं ते ‘थांबू’. हिंदीवाला ‘क्या’ आधी म्हणून मोकळा होतो. लष्करी ऑपरेटरही प्रश्नाची खूण कोडच्या आधी वाजवतात. आम्ही हौशी मंडळींनी ती शेवटीच ठेवली.

अमेरिकेतल्या पोलिसांना हे आधी कळलं होतं. 1937 च्या सुमाराला इलिनॉयमध्ये त्यांचे टेन कोड सुरू झाले. तेव्हाच्या गाडीतल्या ट्रान्समीटरचा जनरेटर वेग घ्यायला क्षणभर लावायचा आणि पहिला शब्द कापला जायचा. म्हणून आकड्याआधी ‘टेन’. कापलं गेलंच तर ते जावं, कामाचा आकडा वाचावा. त्यांनी डोकं वाचवलं. शेपूट वाचवायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. पुढे गावोगावी त्या आकड्यांचे अर्थ बदलत गेले, आणि 2006 पासून अनेक खाती एकत्र कामाला लागली की साधी भाषाच बोला, असा आग्रह तिथल्या केंद्र सरकारने धरला. मला तो पटतो. पोलिसाच्या आवाजात प्रश्न ऐकू येतो, मोर्समध्ये तो हातानेच वाजवावा लागतो.

काकांचा हात तार खात्यात घडलेला. शंभर स्टेशनांच्या गर्दीतही मी तो ओळखला असता. शेवटची दोन वर्षं मात्र पितळी कीवर त्यांची बोटं थरथरायची आणि प्रश्नचिन्ह मधोमध तुटायचं. डि-डि-डा, मग खंड, मग डा-डि-डिट. कागदावर उतरवलं तर यू आणि डी. नवी पोरं विचारायची, हे यूडी काय असतं? मला ठाऊक होतं. म्हणजे त्या संध्याकाळी आला तो यू, त्यांच्या तुटक्या प्रश्नचिन्हाचा पहिला अर्धा असेल. किंवा ‘यूआर’ची, ‘तुझा’ची सुरुवात असेल. तुझा सिग्नल विरतोय, एवढंच सांगायचं असेल. तो खंड मनात किती वेळा मोजला, तरी निवाडा होत नाही.

खरं तर निवाडा तेव्हाच करता आला असता. एक प्रश्नचिन्ह परत पाठवायचं, ‘पुन्हा सांगा’ म्हणून. पहिल्या आठवड्यात काकांनीच ते शिकवलं होतं. मी पाठवलं नाही, कारण पुन्हा विचारणं मला कमीपणाचं वाटायचं. मिनिटाला 25 शब्दांचा माझा हात, बँडवर चार लोक ऐकत असतात, ‘काय स्वच्छ हात आहे’ म्हणतात, आणि मला ते गोड लागायचं. ऐकणाऱ्याच्या वेगाने पाठव, असं काका सांगायचे. त्यांना जड जातंय हे कळत असूनही मी कीयरचा वेग कधी उतरवला नाही. क्यूआरएस, म्हणजे हळू पाठव, हे त्यांनी मला कधीच म्हटलं नाही. ‘हळू पाठवू का?’ हे मीही कधी विचारलं नाही.

आता बँडवर एफटी-एटचा जोर आहे. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांत संगणकच संगणकाशी बोलतो, आणि कानाला अजिबात न लागणारा सिग्नलही तो उचलतो. त्याची ताकद मोठी आहे, पण त्यात कुणाचा हात नाही. तिथे काका मला ओळखू आले नसते.

सध्या माझ्याकडे नववीतली एक मुलगी शिकायला येते. तिला मी प्रश्नचिन्ह दोनदा वाजवायला लावतो. परीक्षेत असं चालेल का, असं तिने विचारलं. म्हटलं, इथे वाजव.

लॉगबुकातल्या त्या ओळीत क्यूआरटीच्या पुढे एका खुणेपुरती जागा रिकामी आहे. दोनदा पेन्सिल टेकवली आणि उचलली.