वाईट बातमी आधी

महिन्याचा पहिला आठवडा सरता सरता मी पैसे लावलेल्या कंपन्यांचे मेल येतात. बँकेत शिल्लक किती, खर्च किती झाला, नवं गिऱ्हाईक कोण, सोडून कोण गेलं. एक संस्थापक गेली कित्येक वर्षं पहिल्याच ओळीत वाईट बातमी लिहितो. 'मोठी ऑर्डर गेली.' 'या महिन्यात पगार उशिरा होतील.' चांगलं काय घडलं ते खाली. वेळेत कळलं की काहीतरी करता येतं: एखाद्या ओळखीच्याला फोन, एखादा हप्ता आधी. माझ्या पैशावर त्याची कंपनी उभी राहिली असेल, पण त्या पहिल्या ओळीने मला दिलेला विश्वास कुठल्याही परताव्यात मोजता येणार नाही. त्याचा मी ऋणी आहे.

*

फलटणजवळचं दूध संकलन केंद्र, पहाटेची वेळ. बल्क कूलरच्या कडेला उकिडवा बसून आमचा एक तरुण संस्थापक सेन्सरची वायर ओढत होता. दूध ४ अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. रात्री वीज गेली आणि जनरेटर चालू झाला नाही, तर सकाळपर्यंत अख्खी टाकी नासते. तापमान चढू लागलं की याचं यंत्र केंद्रचालकाला मेसेज धाडणार. चालक म्हणाला, "इंग्रजी मेसेज घेऊन मी काय करू?" पोराने मोटारसायकलच्या सीटवर लॅपटॉप ठेवला आणि तिथल्या तिथे मजकूर मराठीत केला. चालकाचा पुढचा प्रश्न तयारच होता: "रात्री दोनला मेसेजनं कोण उठतंय? फोन वाजू द्या की." काही आठवड्यांत फोन वाजू लागला. पुण्यात पाहिलेल्या त्याच्या स्लाइडांमध्ये यातलं काहीच नव्हतं. आपलं यंत्र सुधारायला गिऱ्हाइकाचं बोलणं मान खाली घालून ऐकायचं असतं, हे मी त्या केंद्रावर पाहिलं.

*

असा पैसा लावणं महाराष्ट्राला नवं नाही. १९१० मध्ये औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी लोखंडी नांगर बनवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला, वर दहा हजारांचं कर्ज. लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी शेतकरी लोखंडी नांगराला हात लावायला तयार नव्हते, तो हा काळ. माणूस पाहून दिलेला तो पैसा. त्या माळावर वसलेल्या किर्लोस्करवाडीवरून गाडी गेली की मी खिडकीबाहेर पाहतो.

*

आभार सीए आणि कंपनी सेक्रेटरींचेही. २०१२ पासून 'एंजल टॅक्स' होता: शेअर वाजवी मूल्यापेक्षा जास्त दराने विकला, तर वरची रक्कम कंपनीचं उत्पन्न धरायची आणि त्यावर कर लावायचा. अजून एक रुपया न कमावलेल्या पोरांना नोटिसा येत. मूल्यांकनाचे अहवाल घेऊन ही मंडळी उत्तरं लिहीत बसायची, तीही पुष्कळदा बिल न लावता. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात तो कर रद्द झाला. फार उशिरा झाला.

*

एक कंपनी बंद करायची ठरली. गोडाऊनमध्ये माल होता, मागणी नव्हती. तिच्या संस्थापिकेने शेवटचा पैसा संपेपर्यंत ताणलं नाही. आधी कामगारांचे पगार आणि ग्रॅच्युइटी, मग पुरवठादारांची बिलं, मग देणी-करांचे कागद पुरे केले आणि उरलेली रक्कम आम्हा गुंतवणूकदारांना वाटून दिली. लावलेल्या रकमेचा तो लहानसा तुकडा होता. पण तिच्याकडचा एकही कामगार थकलेल्या पगारासाठी दारात उभा राहिला नाही. तिने उद्या नवं काही काढलं, तर मी प्रेझेंटेशन न पाहता पैसे देईन.

*

या धंद्याचं गणित सगळ्यांना ठाऊक आहे: बहुतेक कंपन्या बुडतात, एखाद-दुसरी सगळ्यांचं भरून काढते. गणित खरं आहे, पण अपुरं आहे. बुडालेल्या कंपन्यांत तयार झालेली माणसं आज चालत्या कंपन्यांत कारखाना सांभाळतात, विक्री पाहतात. ते शिक्षण कुठल्याच ताळेबंदात येत नाही.

*

शेअरहोल्डरांच्या यादीत ज्यांची नावं नाहीत, त्या संस्थापकांच्या घरच्यांची आठवण. बँकेतल्या नोकरीवर चार वर्षं घर चालवणारी बायको. लग्नाचं विचारणाऱ्या नातेवाइकांना परस्पर वाटेला लावणारी आई. प्लॉट विकून पहिलं मशीन घेऊन देणारे वडील. त्यांनी माझ्या कितीतरी आधी आणि माझ्यापेक्षा जास्त जोखीम घेतली.

*

नव्याने पैसे लावू पाहणाऱ्यांना एक विनंती. समोरच्या मुलाकडे चार-पाच महिन्यांचा पैसा असतो. तुमचं 'बघू, कळवतो' त्यातले दोन महिने खातं, आणि त्या आशेवर तो दुसरं दार ठोठावत नाही. नाही म्हणायचं असेल तर आठवड्याभरात म्हणा, कारणासकट म्हणा.