पॅकेट हरवल्यावर काय होतं?

भोरमधल्या एका छोट्या वाचनालयाला संगणक नेटवर्किंगची पुस्तकं घ्यायची होती. निवड माझ्यावर सोपवली होती. पैसे बेताचे. वाचणारी मुलं भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांतून एसटीने येणारी, बरीचशी बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. पुस्तक चुकीचं निघालं तर त्यांना विषयच नकोसा होईल, ही काळजी मला होती.

पुण्यात अप्पा बळवंत चौकात या विषयाचं काही मागितलं की आधी परीक्षेची गाइडं पुढे येतात. ओएसआयचे सात थर, टिपा लिहा, फरक स्पष्ट करा. त्यातली काही अजूनही आयपी पत्त्यांचे ए, बी, सी वर्ग ही आजचीच व्यवस्था असल्यासारखी शिकवतात. ती पद्धत १९९३ मध्ये सीआयडीआर ही पत्ते वाटण्याची नवी पद्धत आल्यावर मागे पडली. ही पुस्तकं मी घेतली नाहीत. त्यांनी मार्क मिळतील, पण नेट अडलं तर शोध कुठून सुरू करायचा हे कळणार नाही.

खरी कसोटी दिली ती वेल्ह्याकडच्या एका मुलीने. "सर, रेंजच्या दांड्या दिसतात, तरी फॉर्म अपलोड करताना चक्र फिरतच राहतं. असं का?" तोरणा किल्ला १,४०३ मीटर उंच. त्याच्या आडोशाच्या वस्त्यांत, किंवा इकडे भाटघर धरणामागच्या वेळवंड खोऱ्यात, हा प्रश्न रोजचा आहे. मग कुठलंही पुस्तक उघडलं की मी आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधू लागलो.

एक गोष्ट साधी आहे. टॉवरचं बोलणं फोनला किती ऐकू येतं, एवढंच दांड्या सांगतात. फोनचा बारीक आवाज टॉवरपर्यंत पोचतो का, ते सांगत नाहीत. दुसरी गोष्ट समजायला १९८६ मध्ये जावं लागतं. त्या ऑक्टोबरात अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिला लागूनच असलेलं बर्कली विद्यापीठ यांच्यातला डेटाचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये उपाय मांडला: पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, हरवलं की वाटेत गर्दी आहे असं समजून टीसीपीने, म्हणजे डेटा नीट पोचवण्याच्या नियमावलीने, वेग कमी करायचा. तारांच्या जाळ्यात हा अंदाज बहुधा बरोबर ठरतो. डोंगराआड मात्र पॅकेट खराब होतं ते लहरी क्षीण झाल्यामुळे. मोबाइल यंत्रणा ते टॉवर आणि फोन यांच्यामध्येच पुन्हा पुन्हा पाठवते, त्यात वेळ जातो. एवढं करूनही हरवलं, तर टीसीपी गर्दी नसताना हात आखडता घेतो.

टॅननबॉम यांचं 'कॉम्प्युटर नेटवर्क्स' १९८१ पासून चालत आलेलं, भक्कम पुस्तक. बिनतारी जाळ्यात टीसीपीची होणारी अडचण त्यात आहे. पण ते तारा, फायबर, उपग्रह इथून सुरू होतं, आणि नवखं मूल तिथेच दमेल असं मला वाटलं. फोरोझान यांच्या आकृत्या स्वच्छ, इंग्रजी सोपं. 'काय' छान कळतं, 'का' मात्र तेवढं नाही. स्टीव्हन्स यांच्या 'टीसीपी/आयपी इलस्ट्रेटेड'चा १९९४ चा पहिला खंड मला सगळ्यात प्रिय. खऱ्या जाळ्यावर पकडलेली पॅकेटं ओळीओळीने दाखवून ते समजावतात; अंदाजाने बोलत नाहीत. पण त्यात आजचं मोबाइल इंटरनेट नाही.

शेवटी मन बसलं ते कुरोस आणि रॉस यांच्या पुस्तकावर. ते ब्राउझरपासून, म्हणजे मुलांच्या हातातल्या वस्तूपासून, सुरू होतं आणि खाली उतरतं. तिसरं प्रकरण तर मी पुन्हा पुन्हा वाचलं. आधी कधीच न चुकणारी वाहिनी धरायची. मग बिट बिघडू द्यायचे, त्यासाठी पोच मागायची. मग पोचच बिघडली तर? त्यासाठी क्रमांक. मग पॅकेट हरवलंच तर? त्यासाठी घड्याळ. टीसीपीचे एकेक भाग का लागले, हे वाचणाऱ्याला स्वतः शोधल्यासारखं कळतं. बिनतारी दुव्यांचा टीसीपीवर काय परिणाम होतो, हेही पुढे येतंच.

त्याच्या दोन प्रती घेतल्या, स्टीव्हन्सची एक. पीटरसन आणि डेव्ही यांचं पुस्तक लेखकांनीच मोफत खुलं केलंय, ते वाचनालयाच्या संगणकावर उतरवलं. सोबत टीसीपीचा ऑगस्ट २०२२ चा प्रमाण दस्तऐवज, आरएफसी ९२९३. आरएफसी, म्हणजे इंटरनेटचे असे तांत्रिक दस्तऐवज, साध्या मजकुराच्या रूपातही मिळतात, त्यामुळे वेल्ह्याच्या रेंजवरही उतरतात.